मुदतीनंतरचे तास

सौंसरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं गाव, जात, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. फाटकाशी लावलेल्या माझ्या स्कूटीकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "चालू करून दाखव." मी चालू केली. ते डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येते आहे.

"कर बंद. तेल कधी बदललं?"

"सर्व्हिसिंगला देते ना, तिथेच बदलतात."

"अन् जुनं तेल? ते पाहते का तू?"

जुनं तेल कशाला कोण पाहील? मी हसले. त्यांनी घराकडे तोंड करून आवाज दिला, "अवं, पोरगी चांगली आहे, पण काहीच पाहत नाही."

आतून उत्तर आलं, "मंग द्या तिले खोली. पाहणारा एक आहे घरात, तेवढा लय झाला."

अशी मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले. मी पांढुर्ण्याची. सौंसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, अजूनही आहे. घरमालकांना मी काका म्हणायची, पण गावात त्यांना सगळे 'जहाजवाले' म्हणत. आमच्याकडे विमानाला हवाई जहाज म्हणायची सवय, त्यातलं हवाई गळून गेलेलं. एका फ्लाइंग स्कूलमध्ये ते विमानांच्या देखभालीचे इंजिनियर होते. दोन माणसं बसतील एवढी शिकाऊ विमानं, पुढे एक पंखा. इंजिन उडण्याजोगं आहे अशी सही यांची असली तरच विमान धावपट्टीवर जाई. निवृत्त झाल्यावर ते सौंसरला आले. कारण काकूंचं माहेर बोरगावचं, आणि काकूंच्या मते काकांना कुठेही ठेवलं तरी ते इंजिनाशेजारीच बसणार, मग आपल्या भावाजवळ का राहू नये.

मला चौकशांची खोड आहे. लहानपणी यावरून मार खाल्ला आहे. पण काकांच्या घरात माझी खोड अगदी किरकोळ ठरली.

मी माणसांचं रक्त तपासते हे कळलं त्या दिवशी ते चहाचा कप हातात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे तू माणसाचं तेल पाहून राहिली!" त्या दिवसापासून घरात माझा दर्जा वाढला. संध्याकाळी लॅबमधून आले की जिन्यातच गाठायचे. लोह कमी झालं की ते जातं कुठे? साखर वाढलेली माणसाला स्वतःला कळते का? आणि अखेरीस ठरलेला प्रश्न: "एकाच माणसाचे जुने रिपोर्ट लावून पाहता का तुमी, का फक्त आजचा?" मी म्हणायची, डॉक्टर पाहत असतील. "असतील म्हंजे?" ते विचारत.

आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात काकूंच्या कुरड्या वाळत आणि त्यांच्या बाजूला काकांचे ऑइल फिल्टर. फिल्टर म्हणजे इंजिनातलं तेल गाळणारा पत्र्याचा डबा. मेकॅनिक तो फेकून देतो. काका तो मागून आणत, कटरने गोल कापत, आतला घडीघडीचा कागद सोडवून उन्हात पसरत, आणि कागदाशी नाक नेऊन बघत बसत. कुणाच्या ट्रॅक्टरचा, कुणाच्या जीपचा, एकदा तर लग्नाच्या बँडच्या जनरेटरचा. कागदावर काही चमकलं की त्यावर लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं तर लोखंड, म्हणजे आत काहीतरी घासतंय. नाही चिकटलं तर दुसरा कुठला धातू, त्याचा विचार वेगळा. मालकाला बोलावून ते चमकीचा कण दाखवत. मालक मान डोलावत, "हाव काका, दिसून राहिलं," म्हणत आणि जाताना मला हळूच विचारत, "बाई, काय होतं वं तिथं?"

काकांचा आयुष्यभराचा वाद एका गोष्टीशी होता. विमानाचं इंजिन बनवणारी कंपनी सांगते, इतके तास चाललं की पूर्ण उघडा, घासलेलं सगळं बदला, पुन्हा जोडा. याला ओव्हरहॉल म्हणतात. काकांचं म्हणणं, तो आकडा म्हणजे शिफारस. प्रत्येक इंजिन वेगळं. एक रोज उडतं, ते तेलाने आतून माखलेलं राहतं. दुसरं पावसाळाभर उभं राहतं, त्याला आतून गंज चढतो. दोघांना एकच मुदत कशी? त्यांच्या हाताखालची काही इंजिनं रीतसर परवानगी काढून त्या आकड्याच्या पुढे चालत असत. नवी मुलं अशा विमानात बसायला कचरत. तेव्हा सकाळच्या पहिल्या फेरीला काका स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसत.

"पण काका, भीती नाही वाटायची? मुदत संपलेलं इंजिन!"

"मुदत आकड्याची संपते, पोरी. इंजिनाले तो आकडा माहीत नसते."

"मग बंद पडणार हे तुम्हाला कसं कळायचं?"

"तसं नाही कळत. म्हनून तं पाहा लागते. दरवेळी तेल पाहा, फिल्टर कापा, सिलिंडर हवा किती धरून राहिला ते मोजा. बारीक नळीचा कॅमेरा आत सोडून व्हॉल्व्हचा रंग पाहा. समदं ठीक असन तं उडू द्या. काही दिसलं का त्याच दिवशी उभं करा, मंग ते परवाच ओव्हरहॉल होऊन का आलं असेना."

"दरवेळी?"

"दरवेळी. जो पाहत नाही त्यानं आकडाच पाळावा."

हा नियम ते घरातही चालवत. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख न वाचता ते पुडा हुंगत. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून तब्येत विचारत. पंखा सर्व्हिसिंगला काढायची गोष्ट निघाली की म्हणत, काय त्रास देऊन राहिला तो तुले? त्या पंख्याचा कुरकुर आवाज माझ्या खोलीपर्यंत येई. "तो आवाज तसाच आहे, वाढला नाही," हे त्यांचं त्यावरचं मत.

या सगळ्याची मला गंमत वाटायची. मग एक दिवस बोरगावहून काकूंचे भाऊ संत्र्यांची टोपली घेऊन आले, आणि बोलता बोलता म्हणाले, "भाऊजी, बाईच्या व्हॉल्व्हची मुदत झाली ना? मंग बदलून टाका. वाट कायची पाहून राहिले?"

तेव्हा मला कळलं. काकूंच्या हृदयात जनावराच्या ऊतीपासून बनवलेला एक व्हॉल्व्ह होता. लहानपणीच्या तापाने मूळचा खराब झालेला, तो नागपूरला ऑपरेशन करून बदललेला. धातूचाही मिळत होता. पण तो बसवला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि त्यासाठी दर महिन्याला रक्ताची एक तपासणी. ती तेव्हा सौंसरला होत नव्हती. म्हणून हा बसवला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा दहा-बारा वर्षं चालेल, पुढे कदाचित पुन्हा छाती उघडावी लागेल. ती वर्षं उलटून गेली होती.

काका शांतपणे संत्रं सोलत होते. "काढायचा कायले? चालून राहिला ना."

"अन् बंद पडला तं?"

"पाहतो ना मी."

आणि खरंच पाहत होते. डॉक्टरही तेच सांगत होते, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला येतोय तोवर हात लावायचा नाही. काका दर सहा महिन्यांनी काकूंना इकोसाठी नागपूरला नेत. चालताना दम लागतो का, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो का, उशा किती लागतात, सगळं रोज बघत. काकू चिडत. "मी काय इंजिन आहे?" काका मनापासून गोंधळून म्हणत, "इंजिनाले कोन एवढं पाहते?"

एकदा मीही त्यांच्यासोबत नागपूरच्या बसमध्ये होते. सावनेरच्या अलीकडे काका उठून ड्रायव्हरजवळ गेले आणि गाडी थांबवा म्हणाले, इंजिनात काहीतरी ठोकून राहिलं. ड्रायव्हर ऐकेना, काका हटेनात. शेवटी गाडी थांबली. बॉनेट उघडलं, अर्धी बस खाली उतरली, एकाने विडी पेटवली, आणि सापडलं काय, तर कुणाच्या तरी तेलाच्या पिंपाचं झाकण मागच्या बाकाखाली आपटत होतं. लोक जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला. काका मात्र जागेवर येऊन समाधानाने बसले. "बरं झालं, इंजिन चांगलं आहे."

पण माझ्या चौकस डोक्यात एक गोष्ट बसत नव्हती. ऑपरेशनचा शब्द निघाला की हा माणूस विषय बदलून गच्चीवर निघून जाई. बघण्यावर इतका विश्वास असलेला माणूस उघडण्याला इतका का घाबरतो? शेवटी मी काकूंनाच विचारलं. त्या तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्यायनं एक इंजिन उघडलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "चांगलं चालू होतं. हे म्हनत होते, नका हात लावू. पण तास भरत आले म्हनून वरच्यायनं सांगतलं, सिलिंडर बदला. यायनंच बदलले. एक नट पुरा कसल्या गेला नाही. काही दिवसानं ते वरतीच बंद पडलं. शिकवणारे सर एकटेच होते आत. त्यायनं हरभऱ्याच्या वावरात उतरवलं. जीव वाचला, पण पाय गेला तो गेला, अजून काठीनं चालतात."

"आणि काका?"

"चौकशीवाले यायच्या आधी यायनंच सांगून टाकलं, नट माह्या हातचा आहे. दरवर्षी माह्या भावाच्या बागेतली संत्री घेऊन जातात त्या सरांकडे. सर आत बोलावतात. हे फाटकातूनच देतात अन् येतात."

मग सूप पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "त्यायले व्हॉल्व्हाचं भेव नाही. हाताचं भेव आहे."

त्यानंतर काकांकडे बघायची माझी तऱ्हा बदलली. त्यांच्या सगळ्या सिद्धांताखाली एक सैल नट होता. सिद्धांत खोटा नव्हता, मी वाचून पाहिलं, जगभर अनेक शहाणी माणसं तसंच म्हणतात. पण काकांना तो पटायला त्यांचं स्वतःचं कारण होतं. मला त्यांचा फार कळवळा आला, आणि थोडा रागही. कारण पणाला लागलेला जीव काकूंचा होता.

पोळ्याला मी पांढुर्ण्याला घरी गेले. दुसऱ्या दिवशीची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून चालणारी दगडफेक, आटोपून, नात्यातल्या दोघांच्या डोक्याच्या पट्ट्या बघून परत आले, तर काकू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेल्या. मला डबा द्यायला निघाल्या होत्या. तिथून पुढे श्वास पुरेना. पावलं सुजलेली. मी बोट दाबलं. खड्डा राहिला.

त्या महिन्याच्या इकोत व्हॉल्व्ह आखडलेला आला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका.

आणि काका, जे एका चमकत्या कणासाठी विमान उभं करायचे, ते म्हणाले की मशीन जुनी होती. दुसरीकडे इको केला. तिथेही तेच आलं. मग म्हणाले, तपासणारा पोऱ्या नवा होता. तिसऱ्या ठिकाणची वेळ घेतली. मधल्या दिवसांत काकूंना रात्री बसूनच झोपावं लागत होतं. काका त्यांच्या पाठीशी उशा रचून देत आणि म्हणत, "औषधानं फरक पडून राहिला, नाही?" मी एकदा बोलले. म्हटलं, काका, तिन्ही रिपोर्ट लावून पाहिलेत का? ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या इकोला निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. काकू पलंगावरून उठल्या नाहीत.

"चाल ना वं, बस सुटन."

"मी नाही येत."

"कावून?"

"अहो, इतकी वर्सं तुमी मले पाह्यलं," त्या म्हणाल्या. एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "रोज पाह्यलं. मी चिडत होती, पण मले बरं वाटे. म्हनलं, कोनी पाहून राहिलं आपल्याले. आता दिसलं, तं तुमी तोंड फिरवून राहिले. दिसल्यावर काही करायचंच नसन, तं इतकी वर्सं पाह्यलं कायले?"

काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"माह्या हातानं..." काका म्हणाले.

"तुमच्या हातानं नाही ना करायचं," काकू म्हणाल्या. "तुमी फक्त संग या."

तिसरा इको सोडून ते दोघं थेट नागपूरच्या दवाखान्यात गेले. मीही रजा टाकून गेले. सर्जन बाई होत्या, चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. नातेवाईक साधारण विचारतात की वाचण्याची शक्यता किती, किती दिवस ठेवणार. काकांनी त्यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, छाती बंद करताना आत काही राहिलं का नाही, हे कोन पाहते?"

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आत जाणारा प्रत्येक कापडाचा तुकडा, प्रत्येक सुई आधी मोजतात. बंद करायच्या आधी पुन्हा मोजतात. दोन सिस्टर मिळून, मोठ्याने. आकडा जुळला नाही तर मी टाका घालत नाही, कितीही वेळ लागला तरी."

"दोघी?"

"दोघी."

"माह्या मागं त्या दिवशी दुसरं कोनी नव्हतं पाहाले," काका म्हणाले. बाईंना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनी विचारलं नाही. काकांनी खिशातून चष्मा काढला आणि संमतीच्या कागदावर सही केली. नंतर बाकावर बसून माझ्यासमोर रडले. साठी उलटलेला माणूस एवढ्या मोकळेपणाने रडताना मी तोवर पाहिला नव्हता.

ऑपरेशन लांबलं. पण काकू वाचल्या.

या वेळी व्हॉल्व्ह धातूचा बसवला. आता रक्ताची ती तपासणी आमच्या सौंसरच्या लॅबमध्ये होते. दर महिन्याला मीच काकूंच्या दंडाला पट्टा बांधते, आणि काका शेजारी उभे राहून मागच्या सगळ्या महिन्यांचे आकडे तोंडपाठ म्हणतात. घरी सोडताना त्यांनी सर्जनबाईंना विचारलं होतं, "याची मुदत किती?" बाई म्हणाल्या, "सहसा जन्मभर चालतो." काका त्या उत्तरावर खूश होतील असं मला वाटलं होतं. तर परतीच्या वाटेवर तोंड एवढंसं. सावनेर ओलांडल्यावर म्हणाले, "आकडाच नाही दिला बापा. भांडावं कोनासंग?"

धातूच्या व्हॉल्व्हला एक गोष्ट असते, ती मला पुस्तकातून माहीत होती, कानांनी नव्हती. तो वाजतो. दर ठोक्याला बारीक, घड्याळासारखा. परवा दुपारी मी रिपोर्ट द्यायला खाली गेले, तर वीज गेलेली होती. पंखा थांबला होता, रस्त्यावरही कोणी नव्हतं, आणि त्या शांततेत तो आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. काकू पलंगावर आडव्या, कपाळावर हात घेतलेला. काका बाजूच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेले. तोंड उघडं, मान कलंडलेली.

"ये, बाई," काकू कंटाळून म्हणाल्या. "पाह्य ना, ही टिकटिक. डोळ्याले डोळा लागू देत नाही. डॉक्टरले विचार ना, काही औषध आहे का आवाज बंद करायचं."

आवाज बंद करायचं औषध नसतं, मी म्हटलं. वीज आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला आणि टिकटिक त्यात बुडून गेली.

काका दचकून जागे झाले. त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, उठले, आणि पंखा बंद करून पुन्हा खुर्चीत येऊन झोपले.